आहेराचे घड्याळ आणि कामाचे मनगट

ज्या माळरानाच्या कडेला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, आणि पुढील दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादून टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांना व त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या असंख्य लहान वर्कशॉपांना जागा करून दिली, त्या पिंपरी-चिंचवडच्या, आणि अलीकडे मोटारींच्या कारखान्यांनी गजबजून गेलेल्या चाकणच्या पट्ट्यात, घड्याळाचा संबंध माणसाच्या हौसेपेक्षा त्याच्या हजेरीपटाशी अधिक निकटचा आहे. तरीही येथील बहुसंख्य नोकरदारांच्या मनगटावरील पहिले चांगले घड्याळ त्यांनी स्वतः पारखून घेतलेले नसते. ते दिवाळसणाला सासऱ्यांनी दिलेले असते, डिप्लोमा झाल्यावर वडिलांनी घेतलेले असते, किंवा पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनीने शाल-श्रीफळासह हाती ठेवलेले असते. देणाऱ्याने ते प्रेमाने आणि ऐपतीप्रमाणे निवडलेले असले, तरी घेणाऱ्याच्या कामाची त्याला कल्पना असतेच असे नाही. आणि मग काही महिन्यांनी हा गृहस्थ दुसरे घड्याळ, त्यातही चावी न देता चालणारे स्वयंचलित घड्याळ, घेण्याचा मनसुबा करू लागला, की त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात: कोणते घ्यावे, आणि जुन्याचे काय सांगावे. पहिल्याचे उत्तर नीट सापडले तर दुसऱ्याचे निम्मे काम आपोआप होते, असे माझे मत असल्यामुळे त्याच क्रमाने लिहितो.

घड्याळ ही आहेराची वस्तू कशी झाली, याचा थोडा पूर्वेतिहास या पट्ट्यातील वाचकास विशेष जवळचा वाटेल. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने आधी लेथ आणि तत्सम यंत्रे बनवली, आणि १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला मनगटी घड्याळे बनवण्यास प्रारंभ केला. भोसरीच्या वर्कशॉपातील कित्येक टर्नरांच्या बाबतीत त्यामुळे असा योग जुळून आला, की ज्या लेथवर ते उभे असत त्या लेथवर आणि त्यांच्या मनगटावरील तबकडीवर एच.एम.टी. ही तीनच अक्षरे असत. परदेशी घड्याळे दुर्मिळ आणि महाग असण्याच्या त्या काळात ‘जनता’ किंवा ‘पायलट’ मिळवण्यासाठी खटपट करावी लागे, आणि खटपटीने मिळालेली वस्तू देण्यात जो मान असतो तो त्या घड्याळांना लाभला. पुढे १९८४ साली टाटा आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन निघाली, होसूरहून क्वार्ट्झ घड्याळे येऊ लागली, आणि घड्याळ म्हणजे भेट हे समीकरण त्यांच्या जाहिरातींनी घरोघर पक्के केले. एच.एम.टी.चा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, तोवर सेलवर चालणारे सोनेरी मुलाम्याचे घड्याळ हा जावयाच्या मानपानाचा ठरीव जिन्नस होऊन गेला होता.

आता स्वयंचलित घड्याळाचे स्वरूप. त्यात सेल नसतो. मागच्या झाकणाच्या आत एक अर्धवर्तुळाकार वजनदार पत्रा, ज्याला रोटर म्हणतात, आसावर मोकळा फिरतो. मनगट हलले की तो गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ पाहतो, आणि त्याच्या फिरण्याने दातेरी चाकांमार्फत मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधील अब्राहम-लुई पेरले याने खिशातील घड्याळासाठी लढवली होती. मनगटी घड्याळात ती जॉन हारवूड या इंग्रज कारागिराने १९२३ च्या सुमारास आणली, आणि पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ साली रूढ केला. यंत्ररचनेचा ज्यास लळा आहे अशा माणसाला मागची काच पारदर्शक असलेले घड्याळ हातात घेतल्यावर जो आनंद होतो, तो खरा आहे आणि त्यासाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही. परंतु अचूकतेच्या लोभाने कोणी हे घड्याळ घेत असेल तर त्याने तो विचार सोडावा. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंद चुकते. सेइकोच्या एनएच-३५ किंवा सिटिझनच्या मियोटा ८२१५ यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या स्वयंचलित यंत्रांना त्यांचे निर्मातेच दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढी मुभा देतात, आणि स्वित्झर्लंडच्या परीक्षामंडळाची सनद मिळवलेले महागडे यंत्रसुद्धा दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे या मर्यादेत असले म्हणजे उत्तीर्ण ठरते. दिवसाला पंधरा सेकंद पुढे जाणारे घड्याळ आठवड्यात पावणेदोन मिनिटे पुढे जाईल. कंपनीची बस पकडणाऱ्याला ते सोयीचेच आहे, पण मागे पडणारे असेल तर निगडीच्या थांब्यावर त्याचा पडताळा येईल.

या पट्ट्यात खरेदी करणाऱ्याने जो एक आकडा अवश्य विचारावा, तो म्हणजे पूर्ण भरलेले घड्याळ हातातून काढून ठेवल्यावर किती तास चालते हा. विजेचा भार वाटून देण्याच्या जुन्या व्यवस्थेमुळे पिंपरी, चिंचवड, भोसरी येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. समजा, एखाद्याची पहिली पाळी बुधवारी दुपारी साडेतीनला सुटली, घरी येऊन चार वाजता त्याने घड्याळ कपाटात ठेवले, गुरुवारी सासुरवाडीस जाताना रीतीप्रमाणे आहेराचे घड्याळ घातले, आणि शुक्रवारी सकाळी सातला पुन्हा कामाचे घड्याळ हाती घेतले. एकूण एकोणचाळीस तास झाले. ईटीए २८२४ हे विख्यात स्विस यंत्र सुमारे अडतीस तास चालते, म्हणजे गेटापाशी पोचेपर्यंत ते बंद पडलेले असेल. एनएच-३५ एकेचाळीस तास चालते, म्हणजे जेमतेम तग धरेल, आणि तेही बुधवारी ते पूर्ण भरलेले असेल तर. चाकणच्या ज्या कंपन्यांत शनिवार-रविवार अशी जोडसुट्टी असते, तेथील कचेरीत बसणाऱ्यांचा हिशेब याहून कठीण आहे: शुक्रवारी सायंकाळी सहा ते सोमवारी सकाळी आठ हे बासष्ट तास होतात, आणि ते निभावण्यास टिसोच्या पॉवरमॅटिक ८० सारखे, नावाप्रमाणे ऐंशी तास चालणारे यंत्र हवे. शिवाय दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याचा हात असा हलतोच किती? सबब, ज्याच्या किल्लीने हातानेही चावी देता येते आणि किल्ली ओढली असता सेकंदकाटा थांबतो असेच यंत्र घ्यावे. सेइकोच्या जुन्या ७एस२६ मध्ये या दोन्ही सोयी नव्हत्या, आणि त्या यंत्राची घड्याळे अद्याप दुकानांत आणि हातोहात विकली जातात, हे ध्यानात असू द्यावे.

बंद पडलेले घड्याळ लावताना रात्रपाळीवाल्यांकडून एक अपघात हमखास घडतो. तारीख बदलणारी चाके रात्री नऊच्या सुमारास एकमेकांत गुंतू लागतात आणि पहाटे तीनपर्यंत ती मोकळी होत नाहीत; या अवधीत किल्लीने तारीख झटपट पुढे ढकलली तर आतला नाजूक दाता तुटू शकतो. तिसऱ्या पाळीचा माणूस घरून निघतो तो नेमका रात्री दहाला, आणि सुट्टीनंतर थांबलेले घड्याळ लावण्याची त्याला आठवण होते तीही तेव्हाच. त्यात भर अशी, की तबकडीवरचे दहा सकाळचे की रात्रीचे, हे थांबलेले घड्याळ सांगत नाही. यावर उपाय सोपा आहे. आधी काटे पुढे फिरवत न्यावेत. तारीख आपोआप पालटली की मध्यरात्र झाली असे समजावे, तेथून आणखी पुढे सहावर आणून थांबावे, मग तारीख आदल्या दिवसाची लावावी, आणि शेवटी काटे पुढे फिरवीत मध्यरात्र ओलांडून चालू वेळेवर आणावेत. दोन मिनिटांचे काम आहे, आणि दुरुस्तीचा खर्च वाचतो.

कारखान्यातील हवा घड्याळाला कशी मानवते, याचा विचार परदेशी माहितीपत्रकांत सहसा नसतो. चालत्या लेथवर, ड्रिलिंग मशीनवर किंवा प्रेसवर काम करताना मनगटावर काहीही असू नये हा नियम घड्याळाच्या रक्षणासाठी केलेला नसून हाताच्या रक्षणासाठी केलेला आहे, आणि तो पाळावाच. मोटारींच्या जुळणीच्या लाइनवर रंगाला ओरखडा पडू नये म्हणूनही घड्याळ उतरवून ठेवावे लागते. तेव्हा ज्याचे आठही तास यंत्रावर जातात त्याचे घड्याळ मुख्यत्वे लॉकरमध्येच राहणार, आणि त्याने चावी देण्याच्या सोयीला व अधिक तास चालण्याला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. सुपरवायझर, क्वालिटीवाले, मेंटेनन्सवाले यांची गोष्ट निराळी. त्यांचे घड्याळ अंगावर असते आणि त्याचा मुख्य शत्रू चुंबक आहे. सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, भार उचलणारी चुंबके, वेल्डिंगच्या केबली, यांच्या निकट गेलेल्या घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली, की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि काल सुरळीत चालणारे घड्याळ आज कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. यंत्र बिघडले असे समजून माणूस हवालदिल होतो. घड्याळ होकायंत्राजवळ न्यावे. सुई डळमळली तर निदान झाले, आणि दुरुस्ती करणारा कारागीर आपल्या छोट्या यंत्रावर क्षणात ते चुंबकत्व काढून देतो. टूलरूममधील जॉबांसाठीच्या डीमॅग्नेटायझरवर मात्र स्वतःचे घड्याळ ठेवून प्रयोग करू नये.

काचेविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चाकाने ग्राइंडिंगखात्यात पोलाद घासले जाते, त्याच द्रव्याचे पारदर्शक स्फटिकरूप म्हणजे घड्याळाची सफायर काच होय. काठिण्यश्रेणीत तिचा क्रमांक नववा, साध्या मिनरल काचेचा सहाव्याच्या आगेमागे, आणि रस्त्यावरील वाळूच्या कणांचा सातवा; यावरून धुळीने भरलेल्या नाशिक रस्त्यावर दुचाकीने चाकण गाठणाऱ्याने कोणती काच मागावी, हे निराळे सांगायला नको. सफायर ठोकर लागल्यास टवका उडून फुटते, ओरखडत मात्र नाही. पाण्यापासून बचावाबाबत ‘३० मीटर’ या शब्दांनी फसू नये. हात धुताना उडालेल्या थेंबांपुरताच त्याचा अर्थ. आषाढातल्या दुचाकीप्रवासासाठी १०० मीटरचे, आणि जमल्यास आटे पिळून बंद होणाऱ्या किल्लीचे घड्याळ बरे. आकाराच्या बाबतीत तबकडीच्या व्यासापेक्षा पट्टा अडकवण्याच्या वरच्या व खालच्या टोकांमधले अंतर मोजावे. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेले, की घड्याळ कितीही किमती असो, मागून आणल्यासारखे दिसते. दुरुस्ती जवळपास कोण करील, हे खरेदीपूर्वीच विचारावे. एनएच-३५ आणि मियोटा ही यंत्रे इतकी प्रचलित आहेत, की पाच-सहा वर्षांनी उघडून साफ करण्याऐवजी कित्येकदा संपूर्ण यंत्रच बदलणे किफायतशीर ठरते. स्विस घड्याळाच्या बाबतीत दर देखभालीचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

एच.एम.टी.ची स्वयंचलित घड्याळे शोधणाऱ्यांची संख्याही कमी नाही, आणि त्यांचे आकर्षण मला समजते. परंतु जुन्या बाजारात चकचकीत, लालभडक किंवा मोरपंखी तबकडीचे एच.एम.टी. स्वस्तात मिळाले, तर तबकडी नव्याने रंगवलेली आहे असे बिनदिक्कत समजावे. अक्षरांच्या कडा भिंगातून पाहाव्यात. कारखान्याची छपाई रेखीव असते, नंतरची पसरट.

एवढा विचार झाल्यावर आहेराच्या घड्याळाकडे वळू. प्रथम हे तपासावे, की तक्रार घड्याळाविषयी आहे की त्याच्या पट्ट्याविषयी. सोनेरी साखळीचा पट्टा घामाने टोचतो, केस ओढतो, आणि माणूस सगळ्या घड्याळावरच राग काढतो. तो पट्टा जपून ठेवून साधा चामड्याचा किंवा रबरी पट्टा लावला, तर अर्ध्या लोकांना दुसऱ्या घड्याळाची गरज उरत नाही, आणि देणाऱ्यालाही आपली वस्तू रोज वापरात दिसते. वडिलांनी दिलेले चावीचे एच.एम.टी. असेल तर ते बदलण्याचा विचारही करू नये. साफ करून घ्यावे आणि आठवड्यातून एकदा घालावे. कंपनीने दिलेल्या घड्याळाच्या पाठीवर नाव कोरलेले असते, ते बाजारात कोणी घेत नाही, आणि ते न घातल्याचे साहेबांना वाईट वाटेल ही धास्ती निराधार आहे.

खरी कसोटी सासुरवाडीच्या घड्याळाची. येथे दुकानातून बदलून घेण्याचा मोह पहिल्या आठवड्यात होतो, आणि तो मार्ग एकाच परिस्थितीत मोकळा समजावा: देताना सासऱ्यांनी स्वतः “आवडलं नाही तर बदलून घ्या” असे म्हटले असेल आणि पावती बरोबर दिली असेल. अशा वेळी पट्ट्याच्या कड्या काढू नयेत, काचेवरचे प्लॅस्टिक ओढू नये, कारण त्यानंतर दुकानदार सहसा परत घेत नाही. ज्यांनी तसे म्हटलेले नाही त्यांच्याकडे पावती मागणे म्हणजे किंमत विचारण्यासारखेच आहे. ती मेहुण्याकरवी गुपचूप मागवण्याची युक्ती तर त्याहून वाईट, कारण मेहुणा ही गोष्ट त्याच रात्री जेवताना सांगतो. विकू तर मुळीच नये. पिंपरी कॅम्पातला दुकानदार जे पैसे देईल ते एका जेवणात संपतील, आणि पुढील प्रत्येक सणाला मनगटाकडे जाणारी सासूबाईंची नजर चुकवत बसावे लागेल.

म्हणून गोष्ट उघडपणे सांगावी, आणि खरेदीच्या आधी सांगावी. नवे घड्याळ हातात दिसल्यावर दिलेले कोणतेही कारण सबबीसारखे वाटते. आधी बोलले तर तीच मसलत होते. पत्नीला प्रथम विश्वासात घ्यावे, कारण आपल्या वडिलांना कोणता शब्द लागतो हे तिला ठाऊक असते. परंतु निरोप तिच्यातर्फे पाठवू नये, स्वतः बोलावे. बोलताना घड्याळाच्या रूपाचा, आवडीनिवडीचा उल्लेख टाळावा आणि कामाची हकीकत सांगावी, जी खरीच असते. खेडकडच्या एका घरात हे संभाषण साधारण असे झाल्याचे मला ठाऊक आहे. जावई म्हणाले, “मामा, तुम्ही दिलेलं घड्याळ कंपनीत रोज घातलं तर वर्षात त्याचा मुलामा जाईल. कूलंट आणि लोखंडाची बर कशालाच सोडत नाही. ते सणावाराला ठेवतो, आणि रोजच्या रगाड्याला एक साधं घ्यावं म्हणतो.” सासऱ्यांनी घटकाभर विचार करून विचारले, “म्हंजे यात सेल नसतो, आपलं आपण चालतं? मग जावईबापू, आधी सांगितलं असतं तर आम्ही तेच घेतलं असतं!” यावर जावयांनी जे केले ते शहाणपणाचे होते: पुढच्या गुरुवारी ते सासऱ्यांना बरोबर घेऊन दुकानात गेले, दोन-तीन घड्याळे त्यांच्या हाती देऊन पारदर्शक पाठीतून फिरणारा रोटर त्यांना दाखवला, आणि पट्टा कोणता घ्यावा हे त्यांना ठरवू दिले. पैसे त्यांनी स्वतः दिले, आणि तेही सासरे दारापाशी चहा घेत असताना.

शब्द दिला की तो पाळावा लागतो. सणाला ठेवतो म्हटलेले घड्याळ खरोखरच सणाला हातावर हवे, आणि ते चालू हवे. क्वार्ट्झचा सेल संपला तरी घड्याळ वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते, सेल आत पाझरतो, आणि मग ज्या दिवशी ते घालायचे त्या दिवशी काटे थांबलेले सापडतात. सेकंदकाटा एकदम चार-पाच सेकंदांची उडी मारू लागला, तर पुष्कळ घड्याळांत ती सेल संपत आल्याची सूचना असते. त्याच आठवड्यात नवा बसवून घ्यावा, आणि पाठीचे झाकण उघडलेच आहे तर रबराची कडीही पाहण्यास कारागिरास सांगावे.